कॉल लागतो पण आवाज तुटतो, बटण दाबलं तर घेत नाही: गेटवेवरच्या कोडेकचा घोळ कसा सोडवायचा

कोडेक म्हणजे बोललेला आवाज नेटवरून पाठवायला आकड्यांत बसवायची पद्धत, आणि गेटवे म्हणजे तुमचे फोन बाहेरच्या लाइनला जोडणारा डबा. आधी लक्षणं बघा, कारण निम्म्या वेळा दोष कोडेकचा नसतोच आणि लोक उगाच सेटिंग बिघडवून बसतात.

कोडेकचा घोळ असेल तर साधारण असं होतं. रिसेप्शनवरून रूमला फोन एकदम स्वच्छ, पण बाहेर मोबाईलवर लावला की आवाज डब्यातून बोलल्यासारखा. किंवा समोर रिंग होते, उचलला की लगेच कट, आणि लॉगमध्ये ४८८ नॉट अ‍ॅक्सेप्टेबल हिअर असं दिसतं. बोलणं नीट होतं पण बँकेच्या आयव्हीआरवर, म्हणजे बटणं दाबायला सांगणाऱ्या रेकॉर्डेड आवाजाने, "मराठीसाठी दोन दाबा" म्हटलं आणि दोन दाबलं तर काहीच होत नाही, नाहीतर एकदा दाबलेलं दोनदा धरतं. होल्डवरचं म्युझिक इतकं विद्रूप वाजतं की गाणं ओळखता येत नाही. वाक्याचा पहिला शब्द गिळला जातो, "नमस्कार" मधला "नम" जातो. कॉल ट्रान्सफर केला की दोन्हीकडून मुका. फॅक्स अर्ध्या पानावर थांबतो.

आता कोडेकचा दोष नसतो ती लक्षणं. कॉल बरोब्बर ३२ सेकंदांनी कटतोय? मग उचलल्याची पोच म्हणजे एसीके पलीकडे पोचत नाहीये, राऊटर बघा. पंधरा मिनिटांनी किंवा अर्ध्या तासाने घड्याळ लावल्यासारखा कटतोय? सेशन टायमर, म्हणजे कॉल अजून चालू आहे का ते ठराविक वेळाने विचारणारं सेटिंग, बघा. एका बाजूला आवाज अजिबातच नाही, तुटक सुद्धा नाही, ठार शांत? दहातल्या नऊ वेळा ते राऊटरमधल्या नॅटचं (आतले पत्ते बाहेरच्या पत्त्यात बदलणं) किंवा सिप एएलजीचं (कॉलच्या निरोपांत ढवळाढवळ करणारं सेटिंग) काम. सतत गुणगुण येतेय? मग वायर आणि अर्थिंग. या चार गोष्टींसाठी कोडेकच्या पानाला हात लावू नका.

मी हॉटेलं, शिपिंगची ऑफिसं, दवाखाने असल्या ठिकाणी फोनची कामं करतो, म्हापसा-कळंगुटपासून वास्कोपर्यंत, आणि दर वर्षी सीझन सुरू व्हायच्या तोंडावर हाच फोन येतो. "दादा, गेस्टना आमचं काय कळतच नाय." जाऊन गेटवे उघडला की कोडेकच्या यादीत सगळंच्या सगळं टिक केलेलं असतं, कारण बसवणाऱ्याला वाटलेलं असतं की जास्त कोडेक ठेवले तर कुठेही जुळेल. माझं मत याच्या बरोब्बर उलट आहे. जितके कोडेक चालू तितके घोळ. तुमचा सिप ट्रंकवाला, म्हणजे नेटवरून बाहेरची लाइन देणारी कंपनी, जे एक-दोन घेतो तेवढेच ठेवा, बाकी बंद.

थोडक्यात कोण काय ते. जी.७११ म्हणजे न दाबलेला आवाज, ६४ केबीपीएस, त्याचे दोन प्रकार, ए-लॉ आणि म्यू-लॉ. भारतात आणि युरोपात ए-लॉ, अमेरिका-जपानात म्यू-लॉ. जी.७२९ म्हणजे दाबलेला, ८ केबीपीएस, बोलण्यासाठीच बनवलेला, म्हणून त्यातून म्युझिक, फॅक्स आणि बटणाचा टोन नीट जात नाही. जी.७२२ ला आवाज छान रुंद येतो पण तो आपल्या आपल्यात, आयपी फोन ते आयपी फोन. बाहेरच्या लाइनवर गेला की तो परत जी.७११ मध्येच उतरतो.

आता तपासण्या. फुकटातल्या आधी.

फोन लावूनच बघा, स्क्रीनला हात नको

रूम ते रूम एक कॉल. गेटवेवरून मोबाईलला एक. मोबाईलवरून ०८३२ च्या तुमच्या नंबरवर एक. तीन कॉल, आणि प्रत्येकात दोन्ही बाजूंनी आकडे मोजत बोलायचं, एक ते वीस, म्हणजे कुठली बाजू तुटते ते कळतं. हे इतकं साधं आहे की कोणी करत नाही आणि थेट पासवर्ड मागतात. पण यातूनच अर्धं निदान होतं. रूम ते रूम पण खराब असेल तर ट्रंकचा आणि कोडेकच्या वाटाघाटीचा संबंधच नाही, तुमचा स्विच किंवा वायरिंग बघायचं. फक्त जाणारा खराब आणि येणारा चांगला असेल तर दोघांची सेटिंग वेगवेगळ्या ठिकाणी असते हे लक्षात ठेवा, पुढे कामाला येईल. फ्रीपीबीएक्स (ऑफिसच्या एक्सचेंजचं सॉफ्टवेअर) असेल तर स्टार ४३ दाबून इको टेस्ट करा, आपलाच आवाज परत कसा येतो ते कळेल.

वेळ पण लिहून ठेवा. सकाळी ठीक आणि संध्याकाळी सात-आठनंतर खराब असेल तर गेस्ट रूममध्ये व्हिडिओ बघायला बसलेत, ही गोष्ट नेटवरच्या गर्दीची, तिच्याकडे पुढे येतो.

जॅक आणि वायर

गेटवेला बाहेरची साधी टेलिफोन लाइन लावलेली असेल, म्हणजे एफएक्सओ पोर्ट वापरत असाल, तर ती लाइन काढून एका साध्या फोनला थेट लावा आणि ऐका. तिथेच खरखर असेल तर गेटवे निर्दोष. किनाऱ्यावर खारं वारं इतकं वाईट की आरजे-११ जॅकच्या पिनांवर आणि डीपी बॉक्समधल्या (बाहेरची लाइन जिथे येऊन जोडली जाते ती पेटी) जोडांवर हिरवा थर चढतो, पावसाळ्यानंतर तर हमखास. नवीन जॅक लावायला पाच-दहा रुपये लागतात. जॅक बदला आणि परत ऐका. यातच कितीतरी ठिकाणी काम संपलेलं आहे आणि मालकाला विश्वास बसत नाही.

कोडेकची यादी

इथून पुढे सेटिंग बदलायच्या आधी गेटवेची कॉन्फिग फाइल बॅकअप घ्या आणि पानांचे फोटो काढा मोबाईलवर. हे सांगायची गरज नसावी पण आहे.

आता ट्रंकवाल्याला ईमेलवर तीन गोष्टी विचारा: तुम्ही कुठले कोडेक घेता आणि कुठल्या क्रमाने, पॅकेट किती मिलिसेकंदांचं, आणि डीटीएमएफ, म्हणजे बटणाचा टोन, कसा. फोनवर विचारलं तर "सगळं चालतं सर" असंच उत्तर येणार, म्हणून लेखी. मग गेटवेवर ए-लॉ पहिला, आणि ते जी.७२९ घेत असतील आणि तुम्हाला खरंच लागत असेल तरच तो दुसरा. संपलं. ग्रँडस्ट्रीमच्या छोट्या डब्यांत प्रेफर्ड व्होकोडर म्हणून आठेक खाने असतात, सगळ्यांत एकच कोडेक भरला तरी चालतं. अ‍ॅस्टेरिस्कवर (फ्रीपीबीएक्सच्या आतलं मूळ सॉफ्टवेअर) आधी डिसअलाऊ=ऑल आणि मग अलाऊ=अलॉ, हाच क्रम, कारण आधीची यादी पुसल्याशिवाय नवीन ओळ फक्त भर घालते.

कशासाठी हे सगळं? कॉल लावताना गेटवे आपली यादी पाठवतो आणि पलीकडचा त्यातलं त्याला जमतं ते परत कळवतो. ही गोष्ट प्रत्यक्ष अशी दिसते. गेटवेने पाठवलं:

एम=ऑडिओ १४५०२ आरटीपी/एव्हीपी १८ ८ ० १०१

यात १८ म्हणजे जी.७२९, ८ म्हणजे ए-लॉ, ० म्हणजे म्यू-लॉ आणि १०१ हा बटणांसाठी. पलीकडून आलं:

एम=ऑडिओ २२०१० आरटीपी/एव्हीपी ८ १८ १०१

बघितलंत, त्याने दोन कोडेक परत दिले आणि क्रम उलटा केला. आता काही गेटवे आपल्या यादीतला पहिला म्हणून १८ ने बोलायला लागतात आणि पलीकडचा ८ ने पाठवत असतो. नियमाने दोघांनी दोन्ही समजून घ्यायला हवेत, पण स्वस्त गेटवेत चिपची ताकद कमी असते आणि तो मध्येच गडबडतो, म्हणून कधी चांगला कधी वाईट असा कॉल होतो आणि सगळे नेटला शिव्या घालतात. एकच कोडेक ठेवला की हा प्रश्नच उरत नाही. ग्रँडस्ट्रीममध्ये २०० ओके मधला पहिला जुळणारा व्होकोडर वापरा असा एक पर्याय आहे, तो यस करा.

४८८ येत असेल तर उलट झालंय, दोघांत एकही समान नाही. बहुतेक वेळा कोणीतरी गेटवेवर फक्त जी.७२९ ठेवलेला असतो "बँडविड्थ वाचते" म्हणून आणि ट्रंकवाला फक्त जी.७११ घेतो.

सिस्कोचा राऊटर गेटवे म्हणून वापरत असाल तर एक खास सापळा. डायल-पीअरमध्ये, म्हणजे कुठला कॉल कसा न्यायचा ते सांगणाऱ्या नियमात, कोडेकची ओळच लिहिली नाही तर तो स्वतःहून जी.७२९ धरतो, आणि शांतता ओळखणारा व्हीएडी पण आपोआप चालू. आणि येणारा कॉल तुमच्या कुठल्याच डायल-पीअरला जुळला नाही तर तो डायल-पीअर झिरोवर जाऊन पडतो, ज्याची सेटिंग बदलताच येत नाही आणि ज्यात डीटीएमएफ रिले, म्हणजे बटणं वेगळी पुढे पाठवायची सोय, नसतो. म्हणून "जाणारे कॉल छान, येणाऱ्या कॉलवर बटणं चालत नाहीत" असं ऐकलं की मी पहिल्यांदा येणाऱ्या बाजूचा डायल-पीअर बघतो. व्हॉइस क्लास कोडेक बनवा, त्यात पहिली पसंती जी७११अलॉ, ती जाणाऱ्या आणि येणाऱ्या दोन्ही डायल-पीअरना लावा, आणि नो व्हीएडी.

पीआरआय लाइन (एका जोडणीवर बरेच कॉल नेणारी डिजिटल टेलिफोन लाइन) असेल तर आणखी एक. आपल्याकडे ई१ असतो, त्यात ३० आवाजाचे चॅनल, आणि तो ए-लॉच. कार्डवर चुकून म्यू-लॉ राहिला तर आवाज येतो, शब्दही कळतात, पण कर्कश आणि फाटलेला, जणू समोरचा ओरडतोय. ही सेटिंग बहुतेक देश निवडायच्या पानावर लपलेली असते.

पॅकेटची लांबी

बहुतेक ट्रंकवाले २० मिलिसेकंद धरून चालतात. जुने लिंकसिस-सिस्कोचे एसपीए डबे अजून गोव्यात भरपूर आहेत, जुन्या गेस्ट हाऊसमध्ये तर तेच, आणि त्यात आरटीपी पॅकेट साइझ, म्हणजे आवाजाच्या एका पॅकेटची लांबी सेकंदांत, मुळात ०.०३० असते. ते ०.०२० करा. ग्रँडस्ट्रीममध्ये व्हॉइस फ्रेम्स पर टीएक्स २. जुळलं नाही तर काही ठिकाणी आवाज एकसारखा टकटक तुटतो, दर सेकंदाला, आणि लोक समजतात पॅकेट लॉस आहे.

शांतता ओळखणारं सेटिंग बंद करा

सायलेन्स सप्रेशन, व्हीएडी, काहीही नाव असो, बंद. तुम्ही गप्प असताना पॅकेट पाठवत नाही म्हणून बँडविड्थ वाचते खरी, पण बोलायला लागल्यावर जागं व्हायला वेळ लागतो आणि पहिलं अक्षर जातं, आणि समोरच्याला मधल्या शांततेत वाटतं फोन कटला. जी.७२९ मध्ये हेच अ‍ॅनेक्स बी या नावाने येतं. गंमत अशी की कॉलच्या बोलणीत अ‍ॅनेक्स बी बद्दल काहीच लिहिलेलं नसलं तर "आहे" असंच धरायचं असा नियम आहे, त्यामुळे अ‍ॅनेक्सबी=नो असं स्पष्ट पाठवायला लावा.

बटणं

बटणाचा आवाज थेट आवाजातून पाठवायचा म्हणजे इनबँड. तो जी.७११ मध्ये चालतो, जी.७२९ मध्ये टोनचा चुरा होतो. म्हणून आरएफसी २८३३ निवडा, हल्लीचं त्याचं रूप ४७३३, पण मेनूमध्ये २८३३ च दिसेल. यात बटण वेगळ्या पॅकेटमधून जातं. त्या पॅकेटचा नंबर शक्यतो १०१ ठेवा, ट्रंकवाल्याने दुसरा सांगितला तर तो. एकच बटण दोनदा लागत असेल तर गेटवे इनबँड आणि २८३३ दोन्ही एकदम पाठवतोय, एक बंद करा.

बँडविड्थ, आणि जी.७२९ बद्दलचा गैरसमज

जी.७११ ६४ चा आणि जी.७२९ ८ चा, म्हणजे आठपट बचत, असं सगळे म्हणतात. वायरवर तसं होत नाही. दर २० मिलिसेकंदांना एक पॅकेट म्हणजे सेकंदाला ५०, आणि प्रत्येकावर आयपी, यूडीपी, आरटीपी मिळून ४० बाइटचं ओझं, वर इथरनेटचं १८. ए-लॉमध्ये आवाज १६० बाइट, म्हणजे २१८ चं पॅकेट, झाले ८७ केबीपीएस. जी.७२९ मध्ये आवाज २० बाइट, पॅकेट ७८ चं, ३१ केबीपीएस. तीनपटही नाही. वीस कॉल एकदम चालले तरी ए-लॉमध्ये पावणेदोन एमबीपीएस जायला आणि तितकेच यायला. शंभर एमबीच्या फायबरवर हे काहीच नाही, तिथे जी.७२९ ठेवणं म्हणजे आवाज उगाच खराब करणं.

संध्याकाळी खराब होतं ते बँडविड्थ कमी म्हणून नाही, लाइन भरून पॅकेटांची रांग लागते म्हणून. राऊटरवर क्यूओएस लावा, गेटवेच्या आयपीला पहिला मान द्या, आणि गेस्टच्या वायफायवर मर्यादा घाला. आवाज एका बाजूने पोचायला १५० मिलिसेकंदांच्या आत हवा, त्याच्या वर गेलं की लोक एकमेकांच्या बोलण्यावर बोलायला लागतात. कोडेक बदलून हे सुटत नाही.

जी.७२९ ला जागा आहे, नाही असं नाही. सत्तरी-सांगे भागात जिथे अजून वायरलेस लिंकवर काम चालतं, किंवा पावसात झाड पडून फायबर तुटली आणि ४जी राऊटरवर पाच-सहा कॉल ढकलायचेत, तिथे ठीक. पण लिंकवर पॅकेट हरवत असतील तर जी.७२९ जास्त दुखतो, कारण त्याची एक फ्रेम आधीच्या फ्रेमवर टेकलेली असते आणि एक गेली की तिच्या पुढचंही थोडं बिघडतं.

आतल्या आत भाषांतर

अ‍ॅस्टेरिस्कमध्ये जी.७२९ चा आवाज दुसऱ्या कोडेकमध्ये बदलायला त्याचं मॉड्यूल वेगळं घालावं लागतं, नाहीतर तो आहे तसा पुढे ढकलतो फक्त. म्हणून फोन ते ट्रंक कॉल लागतो आणि तुमचा स्वतःचा आयव्हीआर किंवा व्हॉइसमेल मात्र मुका, आणि लॉगमध्ये नो ट्रान्सलेटर पाथ. कोर शो ट्रान्सलेशन लिहिलं की कुठून कुठे जाता येतं त्याचा तक्ता दिसतो. सरळ उपाय म्हणजे ट्रंक, गेटवे, फोन सगळीकडे ए-लॉ, मग भाषांतर लागतच नाही.

ट्रान्सफर केल्यावर मुका होणारा कॉल पण इथलाच. ट्रान्सफरच्या वेळी परत नवीन यादी पाठवली जाते आणि ट्रंकवाल्याला ती पटत नाही. डायरेक्ट मीडिया, म्हणजे एक्सचेंजला वगळून आवाज थेट पाठवायचं सेटिंग, बंद करून बघा.

फॅक्स आणि जुनं स्वाइप मशीन

वास्कोकडच्या शिपिंग एजंटांकडे अजून फॅक्स आहे, आणि टेलिफोन लाइनवरचं कार्ड मशीन पण कुठेकुठे सापडतं. त्या पोर्टला वेगळं प्रोफाइल द्या: ट्रंकवाला टी.३८ (फॅक्स आयपीवरून पाठवायची पद्धत) घेत असेल तर ते, नाहीतर फक्त ए-लॉ, इको कॅन्सलर बंद, व्हीएडी बंद, जिटर बफर (पॅकेट मागेपुढे आली तरी सावरून घेणारा साठा) फिक्स्ड. तरी जमत नसेल तर त्या एका मशीनला साधी लाइन ठेवा. यावर दिवस घालवू नका.

ट्रेस

इतकं करून राहिलंच तर एसएनग्रेप किंवा वायरशार्क, म्हणजे कॉलची पॅकेटं पकडून दाखवणारी सॉफ्टवेअर. वायरशार्कमध्ये टेलिफोनी मेनूतून कॉलची यादी काढा आणि वरच्यासारख्या एम=ऑडिओ ओळी दोन्ही बाजूंच्या शेजारी ठेवा. आरटीपी स्ट्रीमच्या पानावर किती पॅकेट हरवली आणि जिटर किती ते दिसतं. पॅकेट तुमच्याकडे पूर्ण येतायत आणि तरी आवाज फाटका असेल तर कोडेक किंवा गेटवेची चिप. पॅकेटच गायब असतील तर नेटवाला.

इथे थांबा

वीज कडाडून गेल्यावर पोर्ट मेला असेल, जळका वास येत असेल, तर डबा उघडू नका आणि कडकडाट चालू असताना डीपी बॉक्सजवळ तर जाऊच नका. अर्थिंग मोजायला आधी इलेक्ट्रिशियन, मग गेटवेवाला, या क्रमाने, नाहीतर नवीन गेटवे पुढच्या जूनला परत जळतो. पीआरआयवर लाल अलार्म असेल तर ते लाइन देणाऱ्या कंपनीचं काम. लिफ्टमधला फोन किंवा आग लागल्याची सूचना देणारी लाइन त्याच गेटवेवर असेल तर स्वतः प्रयोग करू नका, माणूस बोलवा.

रात्री परदेशात कॉल गेलेले दिसले, जे तुमचे नाहीत, तर कोडेक सोडा, आधी ट्रंक बंद करा, ट्रंकवाल्याला कळवा, पासवर्ड बदला आणि सायबर गुन्ह्यांच्या १९३० वर तक्रार नोंदवा. आणि कोणी "तुमच्या गेटवेवरून परदेशातले कॉल उतरवू द्या, महिन्याला पैसे देतो" म्हणत आला तर दारातूनच परत पाठवा, ती चोरटी एक्सचेंज आहे, गुन्हा तुमच्या नावावर लागेल.

आणि दोन्हीकडे ए-लॉ, २० मिलिसेकंद, २८३३ एवढंच ठेवूनही ४८८ येतोय किंवा आवाज तुटतोय, तर तुमच्याकडचं संपलं, ट्रंकवाल्याला गाठा. जाताना एका खराब कॉलची आणि एका चांगल्या कॉलची ट्रेस फाइल, दोन्ही नंबर आणि मिनिटापर्यंत वेळ द्या. गेटवेचं घड्याळ आधी नीट लावून घ्या, कारण वेळ जुळली नाही की त्यांच्या लॉगमध्ये कॉल सापडत नाही आणि तिकीट बंद करून मोकळे होतात.